गणपती झाले, पितृपक्ष लागला, आणि फी अडकली

राजापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे. घरगुती मजकूर गाळून कामाचं तेवढं देतो.

"नमस्कार काका. मुलाला बारावीनंतर जुलैत तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी आयटीला घातलं. वर्ग विनाअनुदानित आहे. पावती ३१,५०० रुपयांची. त्यात ग्रंथालय अनामत १,००० आणि प्रयोगशाळा अनामत १,५०० धरलीय. शिवाय ५,००० रुपये विकासनिधी म्हणून रोख घेतले, त्याची पावती दिली नाही. पैसे थोडे आंब्याचे होते, थोडे माझ्या भावाने मुंबईहून जीपेने भरले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुलाचा कृषीला दापोलीकडे नंबर लागला आणि तो तिकडे गेला. आम्ही कॉलेजात फोन करून कळवलं. हेडक्लार्क म्हणाले, गणपतीनंतर या. गेलो तर म्हणतात, प्रवेश ३१ ऑगस्टला बंद झाले, तुमच्यामुळे सीट रिकामी राहिली, फी परत मिळणार नाही, पावतीवर तसं छापलंय आणि मुलाची सहीपण आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीचं मूळ गुणपत्रक मागितलं तर आधी नो ड्यूज करून आणा म्हणाले. नव्या कॉलेजने मूळ कागद द्यायला पंधरा दिवस दिलेत. संस्थेच्या कमिटीवर माझे चुलत दीर आहेत, प्रवेश त्यांच्याच शब्दावर मिळाला होता. ते म्हणतात, पितृपक्षात वाद नको, घट बसले की मी बोलतो. लेखी अर्ज केला तर त्यांना वाईट वाटेल. काय करू?"

ताई, तुमचं पत्र सोमवारी रात्री वाचलं आणि तेव्हाच तुम्हाला एका ओळीचा निरोप धाडला होता की अर्ज आधी द्या, बाकीचं मागाहून बोलू. आज गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४. अर्ज दिला असेल तर पुढचं निवांत वाचा. दिला नसेल तर आधी आजची आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून या.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२४-२५ या वर्षासाठी फी परताव्याचं धोरण जाहीर केलंय. ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण फी परत. दुसऱ्या कॉलेजात गेलेलाही यात आला. त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर कॉलेज प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापू शकतं. त्यापुढे मात्र आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे आणि ती प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपासून दिवस मोजते. शेवटच्या तारखेच्या आधी पंधरा दिवस किंवा जास्त असताना सोडलं तर पूर्ण फी, प्रक्रिया शुल्क तेवढं वजा. पंधरापेक्षा कमी दिवस उरले असताना सोडलं तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, तीस दिवस ओलांडले की शून्य. अनामत रक्कम या टक्केवारीत येतच नाही, ती पुरती परत द्यायची असते.

आता हे तुमच्या पावतीवर लावून बघा. ३० सप्टेंबरपर्यंत अर्ज गेला तर ३१,५०० परत. घट बसल्यावर गेला तर निदान ३०,५००. नोव्हेंबर उजाडला तर तुमच्या कॉलेजचे प्रवेश ३१ ऑगस्टला बंद झालेले असल्याने तीस दिवस कधीच उलटून गेलेले, हातात फक्त २,५०० अनामत. मधे पायरी नाही. ३०,५०० वरून एकदम २,५०० वर.

म्हणजे दीर म्हणतात तसं घटस्थापनेपर्यंत थांबलात, ३ ऑक्टोबरला ते बोलले आणि काम झालं, तर तोटा जास्तीत जास्त हजाराचा. तेवढ्यासाठी मी असा जीव खाल्ला नसता. पण मला या कामाची रीत ठाऊक आहे. घट बसले की दसऱ्यानंतर म्हणतील. दसऱ्यानंतर तुमच्याकडे हळवं भात कापायला आलेलं असेल आणि पावसाने आडवं केलं असेल तर घरात दुसरा विषय नसेल. मग परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. यंदा ३१ ऑक्टोबर कधी आहे पाहिलंत का? नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून, कारीट फोडून झालं की त्या दिवशी कॉलेजच्या दाराला कुलूप असणार. शेवटची तारीख अशी कुलपाआड जाऊन बसलीय.

मी स्वतः चौतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्कच्या खुर्चीत. "गणपतीनंतर या" हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. त्यात दर वेळी लबाडी असते असं नाही. गणपतीत निम्मं ऑफिस रजेवर, प्राचार्य गावी, अकाउंटंट आरत्यांना. माणूस परत पाठवला की टेबल मोकळं होतं, इतकंच डोक्यात असतं. पण नंतर तो अर्ज घेऊन आला की आतला माणूस फोन कधी आला होता ते बघत नाही, अर्जावरचा शिक्का बघतो. मीही तेच बघायचो.

आणि चुलत दिरांची जागाही मी भोगलेली आहे. २०१९ साली माझ्या भाचीने दुसऱ्या जिल्ह्यातलं एक कॉलेज सोडलं. ६ ऑगस्टला सोडलं, तिथे प्रवेशाची शेवटची तारीख १४ ऑगस्ट होती. फी २४,०००. तिथला हेडक्लार्क माझ्या ओळखीचा. मी बहिणीला म्हटलं, तू धावपळ करू नकोस, मी बोलतो. बोललो. तो म्हणाला, निश्चिंत राहा, आपलंच काम आहे. गौरी-गणपती आटोपले, ११ सप्टेंबरला भाची सावकाश अर्ज घेऊन गेली, तोवर ओळखीच्या माणसाची बदली दुसऱ्या शाखेत झालेली. नव्याने तारखा मोजल्या. शेवटच्या तारखेनंतर अठ्ठावीस दिवस. ५० टक्के. सहा ऑगस्टला अर्ज दिला असता तर ९० टक्के, म्हणजे २१,६०० मिळाले असते, मिळाले १२,०००. नियमाने त्याचं काही चुकलं नव्हतं. बहिणीने मला यावरून आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तर आवक शिक्का. ऑफिसात एका टेबलावर लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर असतं, त्यावर "आवक" लिहिलेलं असतं. बाजूला जांभळ्या शाईची गादी आणि तारखेची चाकं फिरवायचा रबरी शिक्का. तुमचा अर्ज त्या रजिस्टरात एका ओळीत उतरला, त्याला क्रमांक पडला आणि तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि घेणाऱ्याची सही आली, की तुमचं काम झालं. प्राचार्यांना भेटणं गरजेचं नाही. कुणाची परवानगी नको. शिक्का मारून घेतल्यावर तारीख वाचून बघा. सकाळी चाक फिरवायला विसरलेला शिपाई मी पुष्कळदा पाहिलाय. एकदा तर आम्ही अख्खा दिवस कालच्या तारखेत काढला होता. तुमच्या बाबतीत चूक उलटी झाली तर महागात पडेल.

अर्ज मुलाच्या नावाने, मुलाच्या सहीने. खाली पालक म्हणून तुमची सही. भाषा साधी. वकिली मजकूर, "अन्यथा कायदेशीर कारवाई" वगैरे पहिल्याच अर्जात घालू नका, वाचणारा उगाच ताठ होतो. मी असा लिहीन:

"मा. प्राचार्य यांस. मी अमुक, प्रथम वर्ष बीएस्सी आयटी, प्रवेश क्रमांक अमुक. मला अन्य अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याने मी आपल्या महाविद्यालयातील माझा प्रवेश या अर्जाद्वारे आजच्या तारखेपासून रद्द करीत आहे. पावती क्रमांक अमुक, दिनांक अमुक, अन्वये भरलेले रुपये ३१,५००, अनामत रकमेसह, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४-२५ च्या शुल्क परतावा धोरणानुसार खालील बँक खात्यात जमा करावेत. तसेच माझे शाळा सोडल्याचा दाखला व बारावीचे गुणपत्रक हे मूळ कागद मला परत मिळावेत. सोबत पावतीची छायांकित प्रत व रद्द केलेला धनादेश जोडला आहे."

एक शब्द नीट बघा, "करीत आहे". लोक "प्रवेश रद्द करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती" असं लिहितात. कोकणी माणूस भिडस्त, अर्जातसुद्धा वाकून नमस्कार घालतो. मग ऑफिस म्हणतं, परवानगी १० नोव्हेंबरला दिली, म्हणून रद्द १० नोव्हेंबरपासून. तुम्ही विनंती पैशांची आणि कागदांची करा. प्रवेश मात्र मुलानेच रद्द करायचा.

खातं मुलाचं द्या. भावाने जीपेने भरले होते म्हणून पैसे भावाकडे जाणार का, असं तुम्ही पत्रात दुसरीकडे विचारलंय. कॉलेजची पद्धत असते, काही ठिकाणी ज्या खात्यातून आले तिथेच परत जातात. म्हणून भावाला त्याच्या बँकेचं ते पान काढून ठेवायला सांगा, ज्यात व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख दिसते. जीपेवरचा हिरवा टिकवाला स्क्रीनशॉट फोन बदलला की जातो.

अर्ज घेत नाहीत असं झालं तर? "साहेब नाहीत, उद्या या," "आमचा छापील फॉर्म आहे, तो संपलाय," असं काहीही होऊ शकतं. भांडू नका. बाहेर पडा, पोस्टात जा, तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने टाका आणि पावती जपून ठेवा. त्याच संध्याकाळी त्याच अर्जाचा फोटो कॉलेजच्या वेबसाइटवर दिलेल्या ईमेलवर मुलाच्या ईमेलवरून पाठवा. तुमच्या वाडीत रेंज येत नाही हे तुम्ही लिहिलंयच, तर पाणंदीवरून वर सड्यावर जाऊन पाठवा, पण तारीख उलटण्याआधी. उद्या शुक्रवार, परवा चौथा शनिवार, ऑफिस चालू असेलच असं नाही. मग रविवार. सोमवार ३० तारीख. तेव्हा उद्याच.

नो ड्यूजचं ऐका. तो एक कागद असतो, त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना अशा सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. मागणं गैर नाही, मुलाकडे पुस्तकं असतील तर द्यायला हवीत. पण "नो ड्यूज झाल्यावर अर्ज घेऊ" ही उलटी गंगा आहे. ग्रंथपाल रजेवर असला तर आठ दिवस जातात आणि ते आठ दिवस तुमच्या खात्यावर चढतात. अर्ज आधी, सह्या नंतर. हे वाक्य खिडकीवर हसून म्हणा, चालतं.

मूळ कागदांचा मुद्दा मला फीपेक्षा मोठा वाटतो, कारण त्याच्यावाचून दापोलीची जागा जाऊ शकते. २०१८ ची तीच अधिसूचना सांगते की कॉलेजने प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे फक्त पडताळून लगेच परत द्यायचे, स्वतःकडे साक्षांकित प्रती ठेवायच्या. मूळ कागद अडकवून फी वसूल करणं किंवा विद्यार्थ्याला थांबवून धरणं आयोगाला मान्य नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही दाखले फाइलला टाचून ठेवायचो. टाचणीचा गंज दाखल्यावर उमटायचा. ती सवय हाडात मुरलीय, अजून पुष्कळ ऑफिसांत जुनी माणसं "दाखला दिला म्हणजे पोरगं गेलं" असंच समजतात. तुम्ही कागदांची मागणी त्याच अर्जात लिहिलेली आहेच. शिवाय दापोलीच्या कॉलेजला आवक शिक्क्याची प्रत दाखवून लेखी मुदतवाढ मागा. कागद कुठे अडकलाय हे दिसलं की समोरचं ऑफिसही समजून घेतं.

आता हेडक्लार्क म्हणाले ती तीन वाक्यं. पावतीवर छापलंय, मुलाची सही आहे, सीट रिकामी राहिली.

पावतीवर "एकदा भरलेली फी परत मिळणार नाही" हे वाक्य मी स्वतः छापखान्यात देऊन छापून आणलंय. जुन्या पावतीपुस्तकावरून नवं छापायचं, त्यात ते आपोआप येतं. ते वाक्य आयोगाच्या धोरणाच्या वर बसू शकत नाही. सहीचंही तेच. प्रवेशाच्या गर्दीत सतरा वर्षांच्या मुलापुढे पाच कागद सरकवायचे आणि फुलीच्या जागी सही घ्यायची, त्या सहीने आयोगाचं धोरण रद्द होत नाही.

रिकाम्या सीटची गोष्ट वेगळी, कारण ती हवेतून आलेली नाही. ती एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमातली आहे. तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना तिथे असा नियम आहे की वर्ग सुरू झाल्यानंतर विद्यार्थी गेला आणि शेवटच्या तारखेपर्यंत ती जागा दुसऱ्याने भरली, तर गेलेल्या महिन्यांची फी आणि वसतिगृहाचं भाडं कापून बाकी परत. जागा भरली नाही तर अनामत आणि मूळ कागद परत, पण पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही. एकाच संस्थेत खाली बीएस्सी आणि वर इंजिनिअरिंग असलं की ऑफिसात दोन्ही नियमांची खिचडी होते. तुमचा मुलगा बीएस्सीचा. त्याला यूजीसीचं धोरण लागतं आणि त्यात जागा भरली की नाही हा प्रश्नच नाही. हे हेडक्लार्कना सांगताना "तुम्हाला कळत नाही" असा सूर लावू नका, "हे इंजिनिअरिंगचं असेल ना?" असं विचारा. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

पाच हजार रोख. यावर मी तुम्हाला गोड बोलणार नाही. पावती नसलेला पैसा परत मागायला गेलं की पहिला प्रश्न, "कुठले पैसे?" राज्यात १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, ठरलेल्या फीवर असे पैसे घ्यायला त्याने बंदी आहे, देणगी म्हणा की विकासनिधी. म्हणून तुम्ही ते पैसे मागूच नयेत असं मी म्हणत नाही. पण ३१,५०० च्या अर्जात ते घालू नका. स्वच्छ हिशेबात संशयाचा हिशेब मिसळला की ऑफिस स्वच्छ हिशेबही लोंबकळत ठेवतं. ३१,५०० खात्यात आले की वेगळं पत्र, "अमुक तारखेला अमुक व्यक्तीकडे विकासनिधी म्हणून ५,००० रोख दिले, त्याची पावती मिळावी." पैसे मागायच्या आधी पावती मागा. पावती द्यायची म्हटलं की कोणत्या खात्यात दाखवायचे हा प्रश्न त्यांना पडतो, आणि कधीकधी पावतीऐवजी पैसेच परत येतात. इथे मात्र तुमच्या चुलत दिरांचा खरा उपयोग आहे.

त्यांच्याविषयी. प्रवेश त्यांच्या शब्दावर झाला, हे तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणजे मनाला लागून राहिलंय. ताई, बीएस्सी आयटीच्या विनाअनुदानित वर्गाला प्रवेश मिळायला यंदा शब्द लागला असेल असं मला वाटत नाही. जागा शिल्लक असतात, कॉलेज मुलं शोधत असतं. पण हे त्यांना सांगू नका, त्यांचं समाधान कशाला घालवायचं. उद्या अर्ज देऊन आल्यावर संध्याकाळी त्यांच्या घरी जा. आधी गेलात तर ते थांबवतील आणि तुम्ही थांबाल. म्हणा, "भाऊजी, कागद नुसता देऊन ठेवलाय, तारीख जाऊ नये म्हणून. पुढचं तुम्हीच बघा." यात खोटं काही नाही. कमिटीवरच्या माणसालाही हातात आवक क्रमांक असला की बोलायला सोपं जातं, तो प्राचार्यांना "जरा बघा हो" म्हणण्याऐवजी "अमुक क्रमांकाचा अर्ज आलाय, काय झालं" असं विचारू शकतो. आणि पितृपक्षाचं म्हणाल तर शुभकार्य पितृपक्षात करत नाहीत. आपलेच पैसे परत मागणं हे शुभकार्यात कधीपासून मोडायला लागलं?

२०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. दिले नाहीत तर सोळाव्या दिवशी प्राचार्यांना एक स्मरणपत्र, मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. २०२३ च्या आयोगाच्या विनियमांनुसार ही समिती असायलाच हवी आणि तिने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समितीचं म्हणणं पटलं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. राजापूर मुंबई विद्यापीठात मोडतं, तेव्हा लोकपाल त्यांचा. शिवाय यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर मुलगा फोनवरून तक्रार नोंदवू शकतो, क्रमांक मिळतो. ती नोंदवण्याआधी "आता मला ई-समाधानवर टाकावं लागेल" एवढं एकदा ऑफिसात सांगून बघा. दिल्लीहून खुलासा मागणारं पत्र आलं की प्राचार्य ते हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवतात आणि काही बोलत नाहीत. ती शांतता मी अनुभवलीय.

तुमचा मुंबईचा भाऊ म्हणतो ग्राहक मंचात खेचू. त्याला सांगा, कॉलेजच्या बाबतीत ती वाट भरवशाची नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असा निकाल दिला. खासगी कोचिंग क्लासला मात्र त्यात सूट नाही. रत्नागिरीतल्या एका वाचकाने कोल्हापूरच्या नीट परीक्षेच्या क्लासचे दोन वर्षांचे आगाऊ पैसे अडकल्याचं मागच्या महिन्यात कळवलं होतं. ग्राहक आयोगाचा रस्ता त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

ज्यांची मुलं राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून इंजिनिअरिंगला गेलीत त्यांनी वरची यूजीसीची तारीख स्वतःला लावून घेऊ नये. तिथे त्या वर्षाच्या वेळापत्रकातली प्रवेशाची अंतिम तारीख बघायची. तिच्या आधी स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करून त्याची सही केलेली प्रत कॉलेजला द्यायची, म्हणजे १,००० कापून बाकी परत मिळते. तारीख गेली की अनामतच. कॉलेजात अर्ज दिला आणि लॉगिनमधून रद्द करायचं राहिलं, अशी माणसं दरवर्षी भेटतात. ज्यांनी शैक्षणिक कर्ज काढलंय त्यांचा परतावा बहुधा बँकेच्या कर्जखात्यात जातो, तो हातात पडेल म्हणून खर्चाचं ठरवू नका. आणि पहिल्या कॉलेजातून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर तोही रद्द करून घ्या, नाहीतर नव्या कॉलेजातून भरताना अडतो. ताई, हे तुम्हालाही लागू आहे, मुलाला विचारा. मुलं फॉर्म भरतात आणि विसरतात.

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. अर्जाच्या दोन प्रती, पावतीची झेरॉक्स, चेकबुकातला एक रद्द केलेला चेक. अकराच्या आत पोचा, चहाच्या आधी माणसं बरी असतात. आणि पेन घरून न्या. खिडकीवरचं दोरीला बांधलेलं असतं, पण दोरी इतकी आखूड की अर्ज तिरका धरून सही करावी लागते, आणि शाई तर मी असताना संपली होती ती अजून कुणी भरली नसेल.